तारकांची व्यक्तिछायाचित्रे : संग्रह व पारख

रंगभूमी आणि चित्रपट यांतील नामांकित नटनट्यांची, प्रसिद्धीच्या हेतूने मुद्दाम बैठक देऊन काढलेली जुनी व्यक्तिछायाचित्रे मिळविणे, ओळखणे व जतन करणे हा विसाव्या शतकात वाढीस लागलेला संग्रहप्रकार आहे. त्याचा कालखंड स्थूलमानाने १८६० ते १९५० असा धरतात. ही चित्रे टिकावीत म्हणून काढलेली नव्हती. ती विकली गेली, फुकट वाटली गेली, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून कापली व रंगवली गेली आणि काम संपताच बहुधा टाकून देण्यात आली. त्यामुळे या क्षेत्रात संग्राहकाची भूमिका नेहमीपेक्षा मोठी आहे. चित्र कोणाचे, हे सर्वांना ठाऊक असते. ते कोणी काढले आणि हातातली प्रत कोणत्या काळची, हे मात्र बव्हंशी संग्राहकांनीच शोधून काढले आहे.

पॅरिसमध्ये नादार (१८२०–१९१०) याने १८६४ च्या सुमारास तरुण सारा बर्नहार्टची काढलेली चित्रे या परंपरेच्या आरंभीची होत. मात्र तारकांचे चित्र सामान्य माणसाच्या हाती पोहोचले ते लहान आकाराच्या स्वस्त कार्डांमुळे. आंद्रे दिस्देरी याने १८५४ मध्ये पॅरिसमध्ये एकस्व घेतलेले भेटपत्राएवढे ‘कार्त द व्हिझीत’ आणि १८६६ पासून रूढ झालेले, सु. ११ × १६.५ सेंमी. आकाराचे ‘कॅबिनेट कार्ड’ ही दोन्ही जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली अल्ब्युमेन चित्रे. घरोघरच्या आल्बमांत नातलगांच्या शेजारी नट्यांची चित्रे विराजमान झाली, ती याच कार्डांमुळे.

या व्यवसायातील सर्वांत ठसठशीत व्यक्तिमत्त्व न्यूयॉर्कच्या नेपोलियन सारोनी (१८२१–९६) याचे. १८७१ पासून युनियन स्क्वेअरवर त्याचा स्टुडिओ होता. अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मोठ्या कलावंताने तेथे बैठक द्यावी, असा जणू शिष्टाचारच पडला होता. तो नटांना पैसे देऊन छायाचित्रविक्रीचा हक्क विकत घेई. १८८० मध्ये सारा बर्नहार्टला त्याने १,५०० डॉलर दिल्याचे सांगतात. कार्डाच्या पुठ्ठ्यावर त्याची वळणदार सही ठळकपणे छापलेली असे. गिऱ्हाइकाने नटीइतकेच छायाचित्रकाराचेही नाव लक्षात ठेवावे, हा त्यामागचा उद्देश उघड आहे. १८८२ मध्ये त्याने ऑस्कर वाइल्डची चित्रमालिका काढली. तीतील एका चित्राच्या ८५,००० शिलामुद्रित प्रती एका मुद्रणसंस्थेने विनापरवाना छापल्या व प्रकरण न्यायालयात गेले. छायाचित्र ही यंत्राने घेतलेली नक्कल होय, त्याला कर्ता नसतो, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये तो फेटाळला. वाइल्डची बैठक, वेशभूषा, पडदे, छायाप्रकाश व मुद्रेवरील भाव यांची योजना सारोनीची असल्यामुळे चित्राचा कर्ताही तोच, असा निर्णय मिळाला. गंमत अशी की, सारोनीच्या स्टुडिओत कॅमेरा प्रत्यक्ष चालविण्याचे काम त्याचा सहायक करीत असे. कर्तेपण बटन दाबण्यात नसून योजनेत असते, हे तत्त्व अशा रीतीने नाट्यतारकांच्या व्यवसायातून कायद्यात आले.

यानंतर सिगारेटच्या पाकिटातील कार्डे आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील छायाचित्र-पोस्टकार्डे यांनी हा व्यापार आणखी स्वस्त केला. इंग्लंडमध्ये १९०२ पासून पोस्टकार्डाच्या मागील बाजूस पत्ता व मजकूर शेजारी-शेजारी लिहिण्याची मुभा मिळाली. त्यामुळे पुढची बाजू चित्राला पूर्ण मोकळी झाली व लिली एल्सी, गॅब्रिएल रे यांसारख्या संगीतिकांतील नट्यांची कार्डे अफाट खपली. ती आजही विपुल आढळतात व नवशिक्या संग्राहकाला परवडतात.

चित्रपटांनी या व्यवसायाचे गणितच बदलले. आरंभी निर्माते नटांची नावेही जाहीर करीत नसत. १९१० नंतर नावांची जाहिरात सुरू झाली आणि १९११ मध्ये अमेरिकेत चित्रपटशौकिनांची नियतकालिके निघाली; त्यांना दरमहा नवी चित्रे लागत. सारोनी चित्रे विकत असे, हॉलिवुडच्या कंपन्या ती वाटू लागल्या. मोठ्या कंपन्यांनी स्वतःचे छायाचित्र विभाग उभारले. तेथे पगारी छायाचित्रकार सु. २० × २५ सेंमी. निगेटिव्हवर चित्रे काढीत आणि त्यांच्या चकचकीत प्रती संपादक, चित्रगृहे व चाहते यांच्याकडे रवाना होत. निगेटिव्ह कंपनीचे, हक्क कंपनीचे आणि चाहत्याकडे जाणाऱ्या प्रतीवर नाव केवळ तारकेचे. न्यायालयाने मान्य केलेला कर्ता अर्ध्या शतकाच्या आत पुन्हा निनावी झाला.

या निनावी कामगिरीचा दर्जा मात्र असामान्य होता. मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीत रूथ हॅरिएट लुईझ (१९०३–४०) ही १९२५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, व्यक्तिचित्र विभागाची प्रमुख झाली. ग्रेटा गार्बोच्या अमेरिकेतील प्रतिमेची पहिली घडण तिची आहे. १९२९ नंतर ते काम क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल (१८९६–१९७९) याच्याकडे आले. पॅरामाउंटमध्ये यूजीन रॉबर्ट रिची याने १९२८ मध्ये लुईझ ब्रुक्सचे काळ्या पार्श्वभूमीवर केवळ चेहरा, हात व मोत्यांचा लांब सर दाखविणारे चित्र काढले. जॉर्ज हरेल (१९०४–९२) याने १९३० नंतर या शैलीला तिचे परिचित रूप दिले. आधीची पद्धत मऊ भिंगाची व धूसर कडांची होती. हरेलने रेखीव भिंग घेतले, मोजके दिवे वापरले व लांब दांड्यावरचा दिवा तारकेच्या डोक्यावर आणून गालांची हाडे व पापण्यांच्या सावल्या उठावदार केल्या. असा प्रखर प्रकाश त्वचेचा प्रत्येक दोष दाखवितो; म्हणून निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने केलेले रिटचिंग हा या शैलीचा अविभाज्य भाग ठरला. हरेलने काढलेले जोन क्रॉफर्डचे १९३१ मधील एक चित्र रिटचिंगपूर्वीच्या व नंतरच्या अशा दोन्ही स्थितींत उपलब्ध आहे. पहिल्यात चेहराभर तपकिरी ठिपके व डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत, तर दुसऱ्यात संगमरवरासारखी त्वचा. रिटचिंग करणाऱ्या कारागिरांची नावे, एखादा अपवाद वगळता, कोणीच जपली नाहीत. सारोनी खटल्यातील तत्त्व काटेकोरपणे लावायचे, तर कर्तेपणात त्यांचाही वाटा मानावा लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही शैली मागे पडली. कंपन्यांनी आपले साठे विकले, वाटले किंवा फेकून दिले. त्यांतील बरेच काही ज्यांच्यामुळे वाचले, त्यांत जॉन कोबाल (१९४०–९१) हे नाव अग्रगण्य आहे. ऑस्ट्रियात जन्मलेला व कॅनडात वाढलेला कोबाल मुळात चाहता म्हणून चित्रे जमवू लागला. चित्रे जमविणारे पुष्कळ होते; कोबालने चित्रांमागची माणसे शोधली. हरेल, बुल, लास्लो विलिंगर प्रभृती हयात छायाचित्रकारांना गाठून कोणते चित्र कोणाचे, याची त्याने नोंद केली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये त्याने प्रदर्शन मांडले व १९८० मध्ये हॉलिवुडच्या व्यक्तिछायाचित्रकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जाहिरातीचे साहित्य येथून कलावस्तू म्हणून पाहिले जाऊ लागले. रूथ लुईझला मात्र हा न्याय उशिरा मिळाला. तिचे निधन १९४० मध्येच झालेले असल्याने तिची साक्ष कोणी नोंदवू शकले नाही. तिच्यावरील सविस्तर ग्रंथ २००२ मध्ये निघाला.

कोबालच्या कार्यातूनच पारखीचा एक बिकट प्रश्नही उद्भवला. प्रदर्शनांसाठी वृद्ध छायाचित्रकारांकडून जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रती काढून घेण्यात आल्या. हरेलनेही उतारवयात मर्यादित संख्येच्या स्वाक्षरित प्रती काढल्या. या प्रती अस्सल आहेत, पण जुन्या नाहीत. निगेटिव्ह काढल्याच्या सुमारास तयार केलेली ती ‘व्हिंटेज’ प्रत, असा संकेत बाजारात रूढ आहे व किमतीतील मोठी तफावत त्यावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा संकेत केवळ बाजारू नाही. १९३० ची प्रत त्या काळच्या कागदावर, त्या काळच्या रुचीनुसार काढलेली असते. तीच प्रेक्षकांनी पाहिली. चाळीस वर्षांनंतरची प्रत कितीही देखणी असली, तरी ती त्या रुचीचा पुरावा नव्हे.

हा पुरावा मुख्यतः चित्राच्या पाठीवर सापडतो. छायाचित्रकाराचा शिक्का, कंपनीचा शिक्का, चिकटविलेली मजकुराची पट्टी, वृत्तपत्राच्या कचेरीतील तारीख, एखाद्या संपादकाने लाल पेन्सिलीने लिहिलेले माप या सर्व खुणांवरून प्रतीचा प्रवास कळतो. सु. २८ × ३६ सेंमी. आकाराच्या, जाड व निस्तेज पृष्ठाच्या प्रतींवर छायाचित्रकाराचा उठावाचा ठसाही आढळतो. गडद भागांत कडेला दिसणारी चंदेरी झाक जुन्या जिलेटीन-रौप्य प्रतीची सूचक असते. अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकला, तर त्यात उजळक द्रव्ये आहेत, म्हणजे तो साधारणतः १९५० नंतरचा आहे, असे समजावे. मात्र न चमकणारा कागद जुनाच असेल, असे नाही. स्वाक्षऱ्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देणाऱ्या कारकुनांनी तारकांच्या नावे असंख्य सह्या केलेल्या आहेत. कित्येक सह्या तर छापीलच असतात.

भारतातही अशी चित्रे विपुल निघाली, पण त्यांची गणना व जतन उशिरा सुरू झाले. स्त्रीवेषातील बालगंधर्वांची (१८८८–१९६७) छायाचित्रे मराठी घरांत देवादिकांच्या तसबिरींशेजारी लागत. चित्रपटक्षेत्रात म्यूनिकहून आलेला छायालेखक योझेफ व्हिर्शिंग (१९०३–६७) याने बॉम्बे टॉकीजमध्ये (स्थापना १९३४) देविकाराणी व इतरांची चित्रे काढली. ती त्याच्या कुटुंबीयांनी सांभाळली व २०१७ मध्ये गोव्यात त्यांचे प्रदर्शन झाले. स्वातंत्र्योत्तर काळात दादर येथे जे. एच. ठक्कर यांच्या इंडिया फोटो स्टुडिओत हिंदी चित्रतारकांची हरेलच्या प्रकाशयोजनेची आठवण करून देणारी चित्रे निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) चित्रपटांबरोबर स्थिरचित्रे, भित्तिपत्रके व गाण्यांच्या पुस्तिका यांचाही संग्रह केला. खाजगी आल्बमांतील व बंद पडलेल्या स्टुडिओंतील साठा मात्र अद्याप बराचसा विखुरलेलाच आहे.

त्याचा प्रमुख शत्रू कोकणपट्टीची दमट हवा होय. जिलेटीनवर बुरशी चटकन धरते व ओलसर प्रती एकमेकींस चिकटतात. अशा प्रती ओढून सोडवू नयेत. चित्रे आम्लरहित कागदात वा पॉलिएस्टरच्या वेष्टनात ठेवावीत. पीव्हीसीचे पारदर्शक आल्बम टाळावेत. जुनी नायट्रेट निगेटिव्ह ज्वालाग्राही असल्याने ती वेगळी ठेवणे आवश्यक असते. पुठ्ठ्यावर डकविलेली प्रत सोडविण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे आणि कडा कापून चित्र चौकटीत बसविण्याचा मोह टाळावा, कारण निगेटिव्हचा क्रमांक बहुधा कडेलाच असतो. पाठीवर नोंद करायचीच असेल, तर ती मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात करावी.