आकार आणि अक्षर: वेबवरच्या मराठीची पहिली पंधरा वर्षे

देवनागरीला यंत्रात बसवायचे तर आधी लिपीच बदलावी लागेल, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ विचारी माणसांना वाटत होते. कारण उघड होते. हाताने खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात जोडाक्षरे, मात्रा, उकार, रफार धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. लायनोटाइपच्या कळफलकावर कळा होत्या नव्वद आणि टाइपरायटरवर त्याहूनही कमी. सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी पुरस्कारली, तर हरी गोविलांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत लायनोटाइपसाठी देवनागरी घडवली. दोन्ही प्रयत्नांमागे एकच गृहीतक होते: यंत्राला द्यायचा तो अक्षराचा आकार. हे गृहीतक पुढे संगणकापर्यंत आपल्यासोबत चालत आले आणि वेबवरच्या मराठीची पहिली दहा-पंधरा वर्षे त्यानेच खाल्ली, असे माझे म्हणणे आहे. मराठी तिथे उशिरा रुळली याचा दोष सहसा तंत्रज्ञानाच्या अभावाला दिला जातो. पुरावा तसे सांगत नाही.

सुटकेची वाट आपल्याकडेच तयार झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आणि त्यासोबतचा ‘इस्की’ हा संकेत वर्णमालेवर उभा होता. प्रत्येक वर्णाला एक क्रमांक, पाय मोडण्याच्या चिन्हालाही एक. ‘क्त’ साठवायचा तर क, पायमोड आणि त असे तीन क्रमांक ओळीने ठेवायचे; जोडाक्षर उभे दिसावे की आडवे, रफार कुठे चढावा, हे पडद्यावर दाखवताना ठरवायचे. ब्राह्मीतून निघालेल्या आपल्या लिप्यांचा वर्णक्रम सारखा असल्याने एकच कोष्टक मराठीला, बंगालीला आणि तेलुगूला पुरले. लिपिसुधारकांना जो पेच सुटत नव्हता तो इथे नाहीसा झाला, कारण यंत्राच्या स्मरणात आकार ठेवायची गरजच उरली नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली हा संकेत प्रमाण ठरवला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा १२८ जागांचा गट इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेला होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मराठी अक्षरांना अधिकृत क्रमांक मिळून चार वर्षे झाली होती.

तरीही वेबवर आलेली मराठी त्या क्रमांकांत आली नाही. ती छापखान्याच्या दाराने आली. वर्तमानपत्रे आणि दिवाळी अंक तेव्हा पेजमेकरसारख्या प्रणालींत जुळवले जात. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत: एका अक्षराच्या जागी अर्धा म, दुसऱ्याच्या जागी वेलांटी, एखाद्या विरामचिन्हाच्या जागी रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असे. पान छापून झाले की काम संपले, म्हणून छपाईला याची अडचण नव्हती. मग तोच मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चढला आणि वाचकाला सांगितले गेले की आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. दोन दैनिके वाचायची तर दोन फॉन्ट. पुढे पानासोबत आपोआप उतरणारे ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले, पण त्यांतली रूढ झालेली मायक्रोसॉफ्टची पद्धत इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच होती. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसत.

वाचण्याची ही गैरसोय एक वेळ सोसता आली असती. खरा तोटा शोधण्यात झाला. अशा फॉन्टमध्ये मजकूर कागदावर दिसतो त्या क्रमाने साठतो: ‘कि’मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर, ‘कर्म’मध्ये रफार म-च्याही नंतर. उच्चाराचा क्रम याच्या उलट आहे. शिवाय प्रत्येक संचाचे कोष्टक निराळे असल्याने ‘पाऊस’ हा साधा शब्द जितके संच तितक्या वेगवेगळ्या इंग्रजी चिन्हमालांत विखुरला. शोधयंत्राने ‘पाऊस’ शोधायचा कशात? त्या काळात वेबवर चढलेल्या हजारो मराठी पानांतून शब्द शोधता येत नव्हता, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नव्हती, एका स्थळावरचे वाक्य उचलून दुसरीकडे लिहिता येत नव्हते. रोजच्या आयुष्यात वेबचा उपयोग नेमका याच कामांना होतो. एखाद्या गावाचे नाव, एखादी पाककृती, एखाद्या आजाराची माहिती शोधायला बसलेला माणूस म्हणूनच इंग्रजीकडे वळला. याउलट १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया पाहा. कुणीही, कुठल्याही संगणकावरून, दुसऱ्याने लिहिलेले वाक्य दुरुस्त करू शकेल असा ज्ञानकोश खासगी फॉन्टच्या पायावर उभाच राहिला नसता.

यावर एक रास्त आक्षेप येतो: त्या काळी दुसरा पर्याय होता कुठे? प्रमाण कागदावर होते, लोकांच्या यंत्रांत नव्हते. कचेऱ्यांतून आणि सायबर कॅफेंतून विंडोज ९८ चालत होते आणि त्याला देवनागरी जोडता येत नव्हती. विंडोज २०००मध्ये ही सोय आली. विंडोज एक्सपीत ती होती, पण सीडी घालून वेगळी बसवावी लागे. पानांची जुळणी करणाऱ्या प्रणाली तर याहून मागे होत्या. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या अवघड वर्षांत मराठीला पडद्यावर आणले आणि परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला घरचे वर्तमानपत्र रोज वाचता आले, ही मोलाची सेवा होती. पण आक्षेपात साठवणे आणि दाखवणे यांची गल्लत होते. मजकूर प्रमाण संकेतात साठवायचा आणि दाखवताना त्याचे फॉन्टच्या तुकड्यांत रूपांतर करायचे, हा मार्ग तेव्हाही खुला होता. जिस्टची रचना त्याच तत्त्वावर झाली होती. तो मार्ग मागे पडला, कारण संपादकाच्या आणि संच विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छापील पान होते. पन्नास वर्षांनी तो मजकूर कोण आणि कसा वाचेल, हा प्रश्न त्या व्यवहारात कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: युनिकोडने तरी मराठीला कुठे न्याय दिला? या तक्रारीत तथ्य आहे. ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, नुक्त्याच्या ऱ-चा पाय मोडून किंवा साध्या र-चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच, यंत्राला वेगळे. ‘ॲप’मधल्या ॲ-ला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ उजाडले, तोवर लोक अ-वर चंद्र चढवायच्या वेगवेगळ्या युक्त्या करत होते आणि त्या युक्त्यांचे अवशेष आजही मजकुरात सापडतात. ळ हा ल-च्या शेजारी बसवला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. मराठी एसएमएसला ७० अक्षरांतच आटोपावे लागे, रोमनला १६० मिळत. फोनवर रोमन मराठी फोफावायला याचाही हातभार लागला असणार. एवढे सगळे मान्य करूनही मला युनिकोडची बाजू भक्कम वाटते, कारण हे दोष एका सामाईक कोष्टकातले आहेत. ॲ-ची उणीव एकदा भरली आणि ती जगभर भरली गेली. अर्ध्या र-ची दोन रूपे एकच मानायचा नियम शोधयंत्रात एकदा लिहिला की पुरतो, ळ-चा क्रम अकारविल्हेच्या नियमात वेगळा सांगता येतो. खासगी संचातल्या दोषासाठी दाद मागायला असे सामाईक ठिकाण नव्हते.

जुने मजकूर रूपांतरकाने बदलून घ्या, असेही सुचवले जाते. ते शक्य आहे, पण त्यासाठी त्या त्या फॉन्टचे कोष्टक हाती असावे लागते, वेलांटी आणि रफार मूळ जागी परत न्यावे लागतात आणि मधूनच आलेला इंग्रजी शब्द देवनागरीचे तुकडे समजून बदलला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. अजूनही अशा अनेक मराठी पीडीएफ आहेत ज्या दिसतात स्वच्छ, पण त्यांतली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की कचरा पडतो. जोवर हे जुने संच कुणाच्या तरी संगणकावर चालू आहेत आणि ते वापरणारे जुळारी हयात आहेत, तोवर प्रत्येक संचाचे कोष्टक उतरवून घेऊन विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी ते सर्वांसाठी खुले ठेवले पाहिजे. फॉन्टच्या फाइली लहान आहेत आणि काम काही महिन्यांचे आहे.