पक्षविरहित गाव कुणाचे?

ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष दिसावा की नाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. मी तो गावातील सत्तेचा प्रश्न मानतो.

गाव म्हणजे एक कुटुंब, तेथे राजकारण नको, हा युक्तिवाद जुना आहे. १९५९ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी मांडलेल्या पक्षविरहित लोकशाहीच्या मुळाशीही ग्रामसमाजाच्या एकमताचीच कल्पना होती. पण ज्या कुटुंबातली काही घरे गावकुसाबाहेर आहेत, त्याचे एकमत कोण ठरवतो? १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी राखीव जागांचा आग्रह धरला, तो गावाची ही घडण ओळखूनच.

१९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि तिच्यावर चिन्ह होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. अक्षरशत्रू माणसालाही आपल्या संघटनेची पेटी कुणाला न विचारता ओळखता येत होती.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला पक्षचिन्ह चालते, ग्रामपंचायतीला चालत नाही. म्हणून गावातून पक्ष गेले काय? त्यांच्या जागी पॅनेल आले. एका प्रभागात दोन-तीन जागा, आणि एकाच पॅनेलच्या उमेदवारांची चिन्हे निरनिराळी. कोणते चिन्ह कुणाचे, हे वस्तीला पॅनेलप्रमुखाची माणसेच येऊन सांगतात. निकाल लागताच मात्र सारे पक्ष आपापल्या ग्रामपंचायतींचे आकडे जाहीर करतात! राखीव जागेवरचा आपला सदस्य त्या पॅनेलच्या मेहेरबानीवर निवडून येतो. त्याने वस्तीच्या पाण्याचा प्रश्न सोडून दिला, तर जाब कोणत्या जाहीरनाम्यावर विचारायचा?

गावाच्या एकमतालाही बाजारभाव असतो. सरपंचपदाचा लिलाव झाल्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला उमराणे आणि खोंडामळी येथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या.

पक्षाचे नाव हा रामबाण उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून पंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होतात. तेथेच २०१८ मध्ये सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या. पक्षाची दहशत भावकीच्या दहशतीहून सौम्य नसते.

तरीही मी नाव छापण्याच्या बाजूने आहे. छापलेले नाव पुरावा म्हणून उरते, आणि पाच वर्षांनी तो पुढे करता येतो. भावकी कोणताच पुरावा मागे ठेवत नाही. मात्र त्या मतपत्रिकेवर आपल्या स्वतंत्र संघटनेचे नाव नसेल, तर पॅनेलप्रमुखाची जागा पक्षाचा तालुकाध्यक्ष घेईल. कायदा बदलण्याची मागणी करताना हे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.