घसारा वजा जाता

कॉमर्सच्या पदवीने मला दोन गोष्टी दिल्या. एक, बँकेतली नोकरी. दुसरी, समोर कुठलीही वस्तू आली की तिचा घसारा काढायची खोड. घरात नवा फ्रीज आला की बाकीची मंडळी त्याला हळदकुंकू वाहतात, मी मनातल्या मनात दहा टक्के वजा करून मोकळा होतो. वस्तू दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत उतरणारच. या सिद्धांतावर मी पंचेचाळीस वर्षं सुखाने काढली.

तेव्हा नववीतल्या कन्येने "बाबा, मला गिटार हवी" असं म्हटल्यावर मी कागद ओढला आणि साडेपाच हजारांच्या गिटारीची पाच वर्षांनी किती किंमत उरते, ते घटत्या शिलकेच्या पद्धतीने काढून दाखवलं. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू आधी गिटारींबद्दल थोडं वाच, मग बोल," म्हणाली.

आता विरोध करायचा तर मुद्दे हवेत. म्हणून वाचायला बसलो, आणि पहिल्याच फटक्याला आमच्याच जातीचा माणूस भेटला. लिओ फेंडर! १९०९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला हा गृहस्थ चक्क हिशेबनीस होता. कॉलेजात अकाउंटिंग शिकला, जमाखर्च लिहू लागला आणि मंदीत नोकरी गेली. मग १९३८ साली सहाशे डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. गंमत म्हणजे याला गिटार वाजवता येत नव्हती. (हे वाचून मला उगाचच हुरूप आला.) पण १९५० च्या सुमाराला त्याने जी विजेवरची गिटार बाजारात आणली, ती हिशेबनिसाच्याच डोक्यातून निघू शकते. तोवर चांगल्या गिटारीची मान धडाला चिकटवलेली असायची. मान बिघडली की कारागिराकडे जा, महिनाभर थांबा. फेंडरने मान चार स्क्रूंनी बसवली. बिघडली? स्क्रू काढा, दुसरी लावा. धड म्हणजे सरळ लाकडाची भरीव फळी. आतून पोकळ ठेवायचा खटाटोपच नाही.

तिचं नाव ठेवलं 'ब्रॉडकास्टर'. लगेच ग्रेच कंपनीने कळवलं की असल्या नावाचे ढोल आम्ही आधीच विकतो. नवं नाव सुचेपर्यंत धंदा बंद ठेवणार कोण? पठ्ठ्याने छापून ठेवलेल्या पट्ट्यांमधलं तेवढं नाव कात्रीने छाटलं आणि नुसतं 'फेंडर' चिकटवून माल पाठवत राहिला! १९५१ मध्ये 'टेलिकास्टर' हे नाव मिळालं. मधल्या काळातल्या त्या बिननावाच्या गिटारींना आज शौकीन लोक जास्त पैसे मोजतात. १९५४ मध्ये त्याने 'स्ट्रॅटोकास्टर' काढली. नवशिक्याला दोनच विजेच्या गिटारींचे आकार ओळखायचे असतील तर हिचा एक. दोन शिंगं पुढे काढलेल्या कोकरासारखी दिसते. प्रकृती साथ देईना म्हणून १९६५ मध्ये लिओने कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. आणि पुढे बरा होऊन पुन्हा गिटारीच बनवत बसला. हिशेबनीस, दुसरं काय करणार?

दुसरा आकार गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल'चा. ती आली १९५२ साली. १९५८ मध्ये तिला मावळतीच्या सूर्यासारखा लाल-पिवळा रंग दिला, तर गिऱ्हाईक फिरकेना. हजार-दीड हजार नग कसेबसे काढून १९६० मध्ये हा माल बंद केला. माझ्यासारख्या एखाद्याने तेव्हा वहीत 'न खपणारा माल' असा शेरा मारला असणार. पुढे १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मायॉलबरोबरच्या तबकडीत हीच गिटार वाजवली आणि सगळे जुन्या लेस पॉल शोधत सुटले. १९६८ मध्ये कंपनीला निमूटपणे उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं. आता त्या न खपलेल्या गिटारीला काही लाख डॉलर पडतात. बरं, तो लाल रंग कच्चा होता. उन्हाने उडाला. ज्याचा जसा उडाला तशी त्याची शान! रंग उडाला की भाव चढतो, हे आमच्या कुठल्या क्रमिक पुस्तकात होतं?

विली नेल्सनच्या गिटारीने तर माझा सिद्धांत पार आडवाच केला. १९६९ साली घेतलेली मार्टिन कंपनीची ही गिटार बोटांनी वाजवायची, म्हणून तिच्यावर संरक्षक पट्टी नव्हती. नेल्सन वाजवायचा प्लेक्ट्रमने. घासून घासून लाकडाला भोक पडलं. मुठीएवढं! घसारा म्हणतात तो अक्षरशः हाच. १९९० मध्ये करवसुलीवाल्यांनी त्याच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा घरदार गेलं तरी चालेल, पण ही भोकाची गिटार जाता कामा नये, म्हणून त्याने मुलीकडून ती आधीच हलवली. बँकेचा माणूस म्हणून मी याचा निषेध करायला हवा. पण करवला नाही.

आणि बी. बी. किंग. १९४९ साली आर्कान्सॉतल्या ट्विस्ट गावी तो एका नाचघरात वाजवत होता. थंडी म्हणून पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोघांची मारामारी झाली, पिंप लवंडलं आणि आग लागली. सगळ्यांबरोबर किंगही बाहेर पळाला, मग आठवण झाली आणि गिटार आणायला परत आत शिरला. तीस डॉलरची गिटार! मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून होती असं नंतर कळलं. तेव्हापासून त्याने आपल्या प्रत्येक गिटारीचं नाव ल्यूसिल ठेवलं, असा मूर्खपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून.

इथे मी चष्मा काढून ठेवला. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही घराला रंग काढला. त्यांची पेटी कोपऱ्यात होती. भाता फाटलेला, काळी दोनचे दोन्ही सूर बसलेले. मी हिशेब केला, घसारा वजा जाता शिल्लक जवळपास शून्य. साडेचारशे रुपये देणारा भेटला, म्हणजे निव्वळ नफाच. आईला म्हटलं, "ठेवायला जागा कुठाय?" ती काही बोलली नाही. पेटीवरचं कापड मात्र तिने घडी करून कपाटात ठेवलं. आग वगैरे काही लागलेली नव्हती.

असो. ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार केली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तीच गिटार घेऊन तो 'क्वीन'मध्ये गेला. त्या 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेतला. मे तारा छेडतो त्या सहा पेन्सच्या नाण्याने. चलनातून बाद झालेल्या नाण्याचा इतका चांगला विनियोग मी तरी पाहिलेला नाही. कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन २०२० मध्ये लिलावात ६० लाख १० हजार डॉलरना गेली, हे कन्येने मला वरून ऐकवलं. तो आकडा मी कागदावर लिहिला आणि कागद फाडला.

गिटार आली. तिच्यावरचं नाव एका बड्या अमेरिकन कंपनीच्या नावाचा चुलतभाऊ वाटावं असं. बोटं लाल होईपर्यंत कन्या तारा दाबत बसली. आई दारात येऊन बराच वेळ बघत होती.

"ठेवायला जागा आहे का पण?" तिने विचारलं. नातीला नव्हे.

"आहे," म्हटलं, आणि कोपऱ्यातलं टीपॉय उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं.