एक हजार तीन मैल : लॉटन चाइल्स यांची १९७० ची प्रचार-पदयात्रा

लोकशाहीतील निवडणुकांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणेच पक्ष, धोरणे आणि मतांची आकडेवारी यांकडे जाते. उमेदवार मतदारांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला, हा प्रश्न बहुधा चरित्रकाराच्या आख्यायिकांवर सोपविला जातो. परंतु प्रचाराची पद्धती हीच काही प्रसंगी निवडणुकीचा मुख्य आशय बनते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्यात १९७० साली सेनेटच्या जागेसाठी झालेली लढत हे याचे बोलके उदाहरण होय. तिचे परीक्षण करून प्रत्यक्ष भेटीच्या प्रचाराचे सामर्थ्य नेमके कशात असते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. वायव्येस ॲलाबामाच्या सीमेला भिडलेली पट्टी आणि आग्नेयेस समुद्रात उतरलेली बेटांची माळ, असा फ्लॉरिडाचा विस्तार आहे. उत्तरेकडील विरळ वस्तीच्या ग्रामीण परगण्यांचे विधिमंडळावर दीर्घकाळ वर्चस्व होते. १९६७ मध्ये न्यायालयाच्या निर्णयामुळे मतदारसंघांची फेरआखणी झाली आणि ते संपुष्टात आले. १९७० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६७ लक्षांहून अधिक भरली. तीत दक्षिणेच्या शहरांत नव्याने येऊन स्थायिक झालेल्यांचा भरणा मोठा होता. या मतदारांस जुन्या स्थानिक पुढाऱ्यांचे बंधन नव्हते आणि त्यांची ओळखही नव्हती. राज्यभर नाव पोहोचवावयाचे तर दूरचित्रवाणीवर पैसा ओतावा, हाच रूढ उपाय मानला जाई.

सेनेटर स्पेसर्ड हॉलंड हे निवृत्त होत असल्याने ती जागा मोकळी झाली होती. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे माजी गव्हर्नर फॅरिस ब्रायंट उभे होते. लॉटन चाइल्स हे लेकलंडचे चाळीस वर्षांचे वकील. १९५८ साली ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, तेव्हाही पत्नी री यांच्यासह घरोघर फिरूनच त्यांनी प्रचार केला होता. १९६६ पासून ते राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद होते. तथापि आपल्या भागाबाहेरील बहुसंख्य मतदारांस त्यांचे नाव अपरिचित होते, आणि मोठ्या जाहिरातींना पुरेल इतका निधीही त्यांच्यापाशी नव्हता.

१७ मार्च १९७० रोजी उत्तर टोकाच्या सेंच्युरी या लहानशा गावातून त्यांनी चालावयास प्रारंभ केला. ९१ दिवसांत १,००३ मैल तुडवून ते दक्षिणेकडील कीज या बेटांपर्यंत पोहोचले. सरासरी काढल्यास दिवसाकाठी ११ मैल पडतात. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलावे, त्याची गाऱ्हाणी ऐकावीत आणि टिपून ठेवावीत, असा त्यांचा क्रम होता. ‘चालणारा लॉटन’ हे बिरुद त्यांना याच यात्रेने मिळवून दिले.

८ सप्टेंबरच्या प्राथमिक निवडणुकीत ब्रायंट पहिले आले व चाइल्स दुसरे. कोणासच बहुमत न मिळाल्याने २९ सप्टेंबरला दोघांत पुन्हा मतदान झाले, आणि तीत चाइल्स यांनी सुमारे दोन तृतीयांश मते मिळविली. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार विल्यम क्रेमर यांचाही त्यांनी पराभव केला. चाइल्स यांना ९ लक्षांहून किंचित अधिक मते पडली. प्रमाण शेकडा ५४ च्या जवळपास होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा विजय खरोखर भेटीगाठींचा होता काय? साधा हिशेब करून पाहावा. रोज ३०० माणसे भेटली असे उदारपणे गृहीत धरले, तरी ९१ दिवसांत २७,३०० होतात. म्हणजे मिळालेल्या मतांच्या शेकडा ३. उरलेल्या ९७ जणांनी चाइल्स यांना पाहिले ते वृत्तपत्रांतून आणि वृत्तदर्शनातून. गावोगावच्या संपादकांस ही पदयात्रा म्हणजे दारात चालून आलेली बातमी होती. यास्तव पदयात्रेने प्रसारमाध्यमांना बाजूस सारले असे म्हणण्यापेक्षा, विकत घ्यावी लागणारी प्रसिद्धी तिने श्रमाच्या मोलावर मिळविली असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याच वर्षी पेन्साकोलाचे रूबिन ॲस्क्यू हेही राज्यात फारसे परिचित नसलेले वरिष्ठ सभागृहाचे सभासद गव्हर्नरपदी निवडून आले. त्यांनी असे राज्य पायी पालथे घातले नव्हते. कंपन्यांच्या उत्पन्नावर कर बसवावा, ही त्यांची मुख्य भूमिका होती. शिवाय गव्हर्नर क्लॉड कर्क यांनी क्रेमर यांच्याविरुद्ध न्यायाधीश कार्सवेल यांना पाठबळ दिल्याने रिपब्लिकन पक्षात तीव्र दुफळी माजली होती. नव्या चेहऱ्याला अनुकूल असे वारे त्या वर्षी वाहतच होते. पदयात्रा हे विजयाचे एकमेव कारण नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरी गोष्ट चाइल्स यांच्या गौरवकथांत क्वचितच येते. त्याच प्राथमिक निवडणुकीत ॲल्सी हेस्टिंग्ज हे तरुण कृष्णवर्णी वकीलही उमेदवार होते. शाळांतील वर्णभेद-निर्मूलनावरून राज्य तेव्हा धुमसत होते. त्या वसंतातच कर्क यांनी न्यायालयाचा हुकूम अडविण्यासाठी मॅनटी परगण्याचे शिक्षणमंडळ निलंबित केले होते. अशा काळी उत्तरेकडील ग्रामीण रस्त्यांवर एकट्याने चालावे आणि अनोळखी माणसाने आपुलकीने हात पुढे करावा, ही शक्यता दोघांना सारखी होती असे मानता येत नाही. ‘सामान्य माणूस’ म्हणून ओळखले जाणे हाही एक अधिकार असतो आणि तो सर्वांस समान मिळत नाही, हे अनुमान येथे अपरिहार्य वाटते.

मग या पद्धतीचे स्वतःचे असे काय उरते? आमच्या मते, तिने उमेदवाराला वचनाने बांधले. जो ऐकण्याच्या बळावर निवडून येतो, त्याला पुढे दार बंद करणे अवघड जाते. चाइल्स यांनी १९७६ च्या निवडणुकीत देणगीची मर्यादा दहा डॉलर ठेवली. संघराज्याच्या मंडळांच्या बैठका लोकांस खुल्या करणारा १९७६ चा कायदा त्यांच्याच पुढाकाराने झाला. १९९० साली गव्हर्नरपद लढवितानाही त्यांनी देणगी शंभर डॉलरांपुरती मर्यादित केली. १२ डिसेंबर १९९८ रोजी त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

अनुकरण अर्थातच झाले. इलिनॉयमध्ये डॅन वॉकर, आयोवात डिक क्लार्क आणि टेनेसीत लमार अलेक्झांडर यांनी १९७० नंतरच्या दशकात आपापले राज्य पायी ओलांडले व विजय मिळविला. परंतु प्रत्येक नव्या पदयात्रेबरोबर बातमीतील नवलाई कमी होत जाणे क्रमप्राप्त होते. नवलाई सरल्यावरही टिकते ते ऐकण्याचे दायित्व. अशा प्रचाराचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने किती मैल चालले आणि किती मते पडली, एवढ्यावर न थांबता, वाटेत टिपून घेतलेल्या गाऱ्हाण्यांचे पुढे विधिमंडळात काय झाले, याचा शोध घेतला पाहिजे.