दाभोसा परिसरातील रानअळंब्या : गणना व वर्गीकरण यांचा पूर्वेतिहास

जव्हार तालुक्यातील दाभोसा हे स्थळ लेंडी नदीवरील धबधब्यामुळे सर्वपरिचित आहे. तेथील रानांत पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्यांची पद्धतशीर गणना करू जाणाऱ्या अभ्यासकापुढे मात्र प्रथम एक ऐतिहासिक प्रश्न उभा राहतो. वारली, कोकणा आदी समाज ज्या अळंब्या पिढ्यान्‌पिढ्या पारखून खात आले, त्या कवकशास्त्राच्या याद्यांत इतक्या उशिरा का आल्या?

याचे उत्तर त्या शास्त्राच्या आपल्याकडील जन्मकथेत सापडते. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाचा (१९०१–१९०८) विषय सपुष्प वनस्पती हा होता. कवकांकडे सरकारचे लक्ष वळले ते पिकांच्या रोगांमुळे. बटलर यांचे कार्य पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत झाले. बटलर व बिस्बी यांची भारतीय कवकांची सूची १९३१ साली निघाली, आणि उप्पल, पटेल व कामत यांची मुंबई इलाख्याची यादी १९३५ साली शेतीखात्यानेच प्रसिद्ध केली. तांबेरा व काणी यांनी शेतकऱ्याचे पीक बुडत असे. अळंबीने कोणाचे काहीच बिघडविले नव्हते, म्हणून तिची चौकशीही फारशी झाली नाही! शिवाय जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थान होते. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या साठे व देशपांडे यांनी १९८० मध्ये महाराष्ट्रातील छत्रधारी कवकांचा स्वतंत्र परामर्श घेतला, तेव्हा कोठे ही उणीव अंशतः भरून निघाली.

वारुळावरील अळंबीचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. वाळवी व कवक यांच्या सहवासाची नोंद तरंगंबाडी येथे राहिलेल्या कोनिग यांनी १७७९ मध्येच केली होती. तथापि फ्रीसच्या १८२१ पासूनच्या पद्धतीत बीजाणूंचा रंग व छत्रीची घडण यांना प्राधान्य असल्याने या अळंब्या कॉलिबिया, लेपिओटा, आर्मिलेरिया, एन्टोलोमा अशा निरनिराळ्या प्रजातींत विखुरल्या गेल्या. शेवटी १९४२ साली रोजे हाइम यांनी वाळवीशी असलेले नाते लक्षात घेऊन ‘टर्मिटोमायसीज’ ही प्रजाती स्थापिली. गोमंतकातील सामान्य माणूस मात्र तिला आधीपासूनच ‘रोयण अळमी’ म्हणतो, आणि रोयण म्हणजे वारूळ. लोकांच्या नावात जे लक्षण होते, ते शास्त्राने फार उशिरा स्वीकारले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दाभोशाच्या गणनेस यातून काही व्यावहारिक सूचना मिळतात. वारुळावरील बहुतेक जातींचा देठ मुळासारखा खोल जाऊन वाळवीच्या कवकबागेस भिडलेला असतो. अळंबी जमिनीलगत तोडली की हे लक्षण जमिनीतच राहते. संग्राहकाने ती खणूनच काढली पाहिजे. जनुकीय अनुक्रमावरून आज जातिनिर्णय होऊ शकतो, पण नमुना कोठे व कशावर उगवला होता, हे तो अनुक्रम सांगत नाही. दुसरीकडे, फ्रीसच्या रंगपरीक्षेचे मोलही कमी लेखू नये. गवताळ जागी उगवणारी क्लोरोफिलम मॉलिब्डायटीज ही विषारी अळंबी कोवळेपणी खालून पांढरीच दिसते व खाद्य जातीचा भ्रम निर्माण करते. छत्री रात्रभर कागदावर ठेवल्यास पडणारा हिरवट ठसा तिचे खरे रूप उघड करतो.

म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत स्थानिक नाव, ते सांगणाऱ्याने दाखविलेली ओळखीची खूण, आधार (वारूळ, कुजके लाकूड, शेण वा पालापाचोळा) आणि बीजाणूंचा ठसा ही चारही एकाच चिठ्ठीवर, नमुना ताजा असतानाच लिहिली जावीत. कारण वाळलेल्या नमुन्यात रंग व वास उरत नाहीत.