भाडें आणि ऊब

मुंबईपुण्याकडील भाडेकऱ्याचें घरमालकाशीं भांडण जुंपलें, तर निमित्त बहुधा पाण्याचें असतें; थंडीच्या देशांत तें उबेचें असतें. न्यूयॉर्कसारख्या शहरांत हिवाळ्यांत पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खालीं उतरतो. अशा रात्रीं तळघरांतील बॉयलर थंड पडला तर भाडेकऱ्यानें करावें काय, हा प्रश्न तान्ह्या मुलांच्या व वृद्धांच्या जिवाशीं येऊन भिडतो. कायद्यानें त्याला निरनिराळ्या काळीं तीन उत्तरें दिलीं. पहिलें, ‘भाडें भर’. दुसरें, ‘घर सोड’. आणि तिसरें, ‘घरांतच राहा व दाद माग’. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत येण्यास तीनशेंहून अधिक वर्षें लागलीं.

अमेरिकेनें इंग्लंडपासून जो कायदा वारशानें घेतला, त्यांत भाडेपट्टा म्हणजे जमिनीवरील ठराविक मुदतीचा हक्क, एवढाच अर्थ अभिप्रेत होता. जमीन ताब्यांत दिली कीं मालकाचें कर्तव्य संपलें. भाडेकऱ्याचें मात्र तेथूनच सुरू झालें. १६४७ सालचा पॅराडाइन विरुद्ध जेन हा खटला या वृत्तीचा नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. यादवी युद्धांत राजपुत्र रूपर्ट याच्या सैन्यानें जेन यास त्याच्या खंडाच्या जमिनीवरून हुसकून लावलें होतें. तरीही न्यायालयानें त्याला खंड भरावयास लावला. हा नियम कठोर खरा, परंतु शेतीच्या युगांत तो अगदींच निरर्थक नव्हता. तेव्हां खरें मोल जमिनीचें असे. घराची डागडुजी कूळ स्वतःच करी, आणि चूलही त्याची व सरपणही त्याचेंच असे.

पहिली सवलत न्यूयॉर्कमध्यें १८२६ सालीं मिळाली. डायेट विरुद्ध पेंडल्टन या खटल्यांत मालकानें घराच्या दुसऱ्या भागांत रात्रीं-अपरात्रीं बदफैली स्त्रिया आणून गोंधळ मांडला, म्हणून भाडेकरी कुटुंबासह निघून गेला. मालकानें त्याला हात धरून बाहेर काढलें नसलें, तरी त्याचें वर्तन बाहेर काढण्यासारखेंच होतें, असें न्यायालयानें ठरविलें व भाडें माफ केलें. पुढें ठरलेली उष्णता न पुरविणाऱ्या मालकालाही हेंच तत्त्व लागू झालें. परंतु या सवलतींत एक मेख होती. भाडेकऱ्यानें आधीं घर सोडलें पाहिजे! घरांतच कुडकुडत राहिलेल्या मनुष्याला ‘तूं गेला नाहींस, तेव्हां तुला घालविलें असें कसें म्हणावें?’ असा सवाल होई. ज्याला दुसरें घर सहज मिळे, त्यालाच हा न्याय परवडे.

दरम्यान घराच्या रचनेंत एक मोठा पालट होत होता. पूर्वीं प्रत्येक बिऱ्हाडाची कोळशाची शेगडी स्वतंत्र असे; ऊब किती हवी तें घरची माणसें ठरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तळघरांतील बॉयलर व तेथून मजल्यामजल्यावर जाणारे वाफेचे नळ आले. १८८२ मध्यें तर न्यूयॉर्क स्टीम कंपनीनें रस्त्याखालून नळ घालून वाफ विकावयास आरंभ केला. गोरगरिबांच्या जुन्या चाळींत शेगड्या पुढेंही बराच काळ टिकल्या. परंतु मध्यम स्थितीच्या कुटुंबांना धूर, राख व कोळसा वाहण्याचे कष्ट यांतून सुटका मिळाली. या सुखाची किंमत मात्र कोणाच्या लवकर ध्यानांत आली नाहीं. चुलीची सत्ता खोलींतून तळघरांत गेली, आणि तळघराची किल्ली मालकापाशीं होती.

ती किंमत १९१७-१८ च्या हिवाळ्यांत कळली. अमेरिका महायुद्धांत उतरली होती, आगगाड्यांवर मालाचा भार साचला होता आणि कोळशाचा दुष्काळ पडला होता. ३० डिसेंबर १९१७ रोजीं न्यूयॉर्कमध्यें पारा शून्याखालीं १३ अंश फॅरनहीटपर्यंत उतरला. जानेवारींत इंधनखात्याचे प्रमुख हॅरी गारफील्ड यांनीं मिसिसिपीच्या पूर्वेकडील बहुतेक कारखाने कांहीं दिवस बंद ठेवण्याचा हुकूम काढला. घरोघर वाफेचे नळ थंड पडले; भाडें मात्र ‘उष्णतेसह’ असेंच आकारलें जाई. नवीं घरें बांधणें युद्धामुळें थांबलें होतें, त्यामुळें ‘घर सोड’ हा सल्ला म्हणजे थट्टाच झाली. तेव्हां भाडेकऱ्यांनीं एकजुटीनें भाडें अडवून धरण्याचा मार्ग पत्करला, आणि पुढील दोनतीन वर्षांत भाडेबंदीचे असे अनेक लढे झाले.

त्यांचें फळ म्हणजे १९२० सालचे न्यूयॉर्क राज्याचे भाडेविषयक कायदे. भाडेवाढीला व घराबाहेर काढण्याला त्यांनीं आळा घातला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यांतील एक कलम अधिक दूरगामी होतें. कराराप्रमाणें द्यावयाचें पाणी, उष्णता, उजेड इत्यादि जाणूनबुजून न देणें हा मालकाचा फौजदारी गुन्हा ठरला. मालकांनीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत तक्रार केली कीं, करारांतील चाकरी मनुष्याकडून बळानें करवून घेणें हें कायद्याच्या परंपरेविरुद्ध आहे. १९२१ च्या मार्कस ब्राउन खटल्यांत न्यायमूर्ति होम्स यांनीं उत्तर दिलें, त्याचा आशय असा कीं, या सेवा व्यक्तिगत चाकरीच्या जातीच्या नाहींतच. त्या जणूं वास्तूलाच जडलेल्या आहेत. निकाल पांच विरुद्ध चार अशा मतांनीं लागला. एका मताच्या अंतरानें ऊब ही मालकाची मेहेरबानी न राहतां घराचा भाग झाली.

याच युद्धाची झळ मुंबईलाही लागली होती, आणि १९१८ सालींच मुंबई इलाख्यांत युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. पुढें १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमानें पाणी, दिवे यांसारख्या आवश्यक सोयी मालकानें तोडूं नयेत, असें बजावलें. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याचें २९ वें कलम त्याचेंच वंशज होय. येथें उबेच्या जागीं नळ आहे, इतकेंच. भाडें आणि सोय यांचें नातें तेंच.

तथापि गुन्हा ठरविल्यानें खोली गरम होत नाहीं. दंड भरून मोकळा होणारा मालक भाडेकऱ्याच्या काय उपयोगाचा? १९६३-६४ च्या हिवाळ्यांत हार्लेममध्यें जेसी ग्रे यांच्या पुढारीपणाखालीं भाडेकऱ्यांनीं पुन्हा भाडें अडविलें, आणि घरांत सांपडलेले मेलेले उंदीर न्यायालयांत पुरावा म्हणून नेले. १९६५ मध्यें राज्यानें असा कायदा केला कीं, इमारतींतील एकतृतीयांश भाडेकऱ्यांनीं अर्ज केल्यास न्यायालयानें व्यवस्थापक नेमावा. भाडें त्यानें गोळा करावें व त्यांतूनच बॉयलर दुरुस्त करावा. यांतील शहाणपण असें कीं, भाडें बुडत नाहीं; तें फक्त ज्या कामासाठीं दिलें जातें, त्या कामाकडे वळतें.

शेवटचा धोंडा वॉशिंग्टन येथें हलला. १९७० च्या जॅविन्स खटल्यांत न्यायाधीश स्केली राइट यांनीं जुन्या कल्पनेला उघड रजा दिली. शहरांतील भाडेकरी जमीन घेत नसून भिंती, उष्णता, उजेड, नळ अशा सोयींचा एक संच विकत घेतो. तो न मिळाल्यास भाड्याची पूर्ण मागणी टिकत नाहीं, हें त्यांच्या निकालाचें सार. न्यूयॉर्कनें १९७५ मध्यें हेंच तत्त्व कायद्यांत घातलें. आज तेथें १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळांत, बाहेर ५५ अंश फॅरनहीटहून कमी असल्यास सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत घरांत निदान ६८ अंश, आणि रात्रीं बाहेर कांहींही असो, ६२ अंश उष्णता राखावी लागते. भाडेकरी शहराच्या खात्याकडे तक्रार करून तपासनीस बोलावूं शकतो. १९७३ पासून चालू असलेल्या गृहन्यायालयांत दुरुस्तीचा हुकूम मागूं शकतो. भाड्यांत सूट मागूं शकतो. प्रसंगीं शहर स्वतः दुरुस्ती करून खर्च मालकावर चढवितें. भाडें अडविण्याचें शस्त्रही आहे, पण तें दुधारी. मालक थकबाकीचा दावा लावतोच. तेव्हां अडविलेली रक्कम खर्च न करतां बाजूला ठेवावी, आणि खोलींतील अंशांची तारीखवार टिपणें ठेवावीं, यांतच शहाणपण.

मालकाची बाजूही अगदीं पोकळ नाहीं. इंधन महागतें, आणि भाडें बांधलेलें असतें. परंतु तोट्याचा हिशेब न्यायालयापुढें मांडतां येतो. थंडीनें काकडणाऱ्या मुलाला तहकुबी मागतां येत नाहीं. खोली गार वाटली कीं माणूस स्वतःची शेगडी आणतोच. ९ जानेवारी २०२२ रोजीं ब्राँक्समधील एका उंच इमारतींत विजेच्या शेगडीपासून आग लागून १७ जण दगावले. इमारतीची उष्णता चालू होती व शेगडी जोडीला होती, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. तरी तळघराच्या उबेवर माणसाचा पुरता विश्वास नसला म्हणजे काय होऊं शकतें, तें या दुर्घटनेंत दिसतें.

घर सोडण्याचा हक्क हा ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याचा हक्क. घरांत राहून दाद मागण्याचा हक्क हा सर्वांचा. भाडेपट्ट्याच्या कायद्याची तीनशें वर्षांची वाटचाल म्हणजे पहिल्यापासून दुसऱ्याकडे येणें होय. मात्र हा दुसरा हक्क एकट्यादुकट्याच्या हातीं क्वचितच टिकला. १९१८ असो वा १९६३, तो मिळाला तेव्हां जिन्यावरचे शेजारी एकत्र आले होते.