मालमोटारींतील घर आणि सांठविलेलें ऊन



माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक ट्रान्झिस्टर होता. त्यांतले सेल क्षीण झाले म्हणजे वडील ते काढून अंगणांत उन्हांत ठेवीत. सेलांना असें ऊन दाखविलें कीं आणखी थोडा वेळ बातम्या ऐकूं येत. उष्णतेमुळें आंतील रासायनिक क्रिया किंचित् जलद होई, एवढेंच त्यांतील रहस्य. सूर्याची शक्ति कांहीं सेलांत शिरत नसे. आम्हां मुलांना मात्र ती शिरते असेंच वाटे. ती बालसमजूत पुढें खरी कशी झाली, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

या विषयाकडे मी वळलों तो एका अडचणीमुळें. धुळ्यास माझा एक जुना विद्यार्थी असतो. आयुष्यभर मालमोटार चालवून आतां त्यानें आपल्या एका गाडीवर खोली बांधून घेतली व तिचें फिरतें घर केलें. आईला नर्मदेची परिक्रमा घडवावी, हा त्याचा संकल्प. आई पंचाहत्तरीची; तिला रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. न उघडलेलें इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावें लागतें, आणि आमच्या खानदेशांत वैशाखाचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो! म्हणून गाडींत लहानशी शीतपेटी आली. एका दुकानदारानें सल्ला दिला, "गाडीची बॅटरी आहेच कीं, तिलाच जोडा." तोरणमाळच्या पहिल्याच मुक्कामीं पहांटे पाहतात तों पेटी बंद, औषध कोमट, आणि गाडीहि सुरू होईना. मनांत शंका आली म्हणून औषध टाकून द्यावें लागलें. परत आल्यावर तो मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, माझें चुकलें कोठें?"

या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे.

फिरतें घर खानदेशाला नवें नाहीं. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा रस्ता धुळ्यास एकमेकांना छेदतात. आगगाडी येण्यापूर्वीं बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून संसारासह हिंडत. पुढें यात्रांतून तंबूचा सिनेमा आला. ती मंडळी मालमोटारींतच निजत, आणि तंबूमागें तेलावर चालणारें जनित्र धडधडत असे. वीज हवी तर इंजिन चालू ठेवावें, इंजिन थांबलें कीं अंधार, असा तो काळ होता.

वीज सांठविण्याची युक्ति मात्र त्याहून जुनी आहे. इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टानें धातूंच्या चकत्या व खारट पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे एकावर एक रचून पहिला विद्युत्‌घट केला. तो एकदां रिकामा झाला कीं संपला. १८५९ मध्यें गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट बनविला. मोटारींतील बॅटरी ही त्याचीच वंशज. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला, दांडा फिरविण्याचे कष्ट गेले, आणि बॅटरीला एक ठराविक नोकरी लागली : कांहीं क्षण प्रचंड प्रवाह द्यावयाचा, व इंजिन सुरू होतांच तो परत भरून घ्यावयाचा. त्यासाठीं तिचे पत्रे पातळ व पुष्कळ असतात. रात्रभर मंद प्रवाह देत तळ गांठणें हें तिचें काम नव्हे. शर्यतीचा घोडा नांगराला जुंपावा, तशी माझ्या विद्यार्थ्याची गत झाली होती.

नांगराचा बैल निराळा. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरीं आलेली इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी ही त्या जातीची. तीहि शिशाचीच, पण हळूहळू रिकामी होणें तिला सोसतें.

आतां उन्हाची गोष्ट. प्रकाशापासून वीज उत्पन्न होते, हें १८३९ मध्यें एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकेरेलला दिसलें; पण खरोखर उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं सुमारें ६ टक्केच शक्तीची वीज होई. आज बाजारांतील चांगलें पॅनेल २० टक्क्यांहून अधिक देतें. २०१३ सालीं तर आमच्या धुळे जिल्ह्यांतच, साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें, महानिर्मितीचें १२५ मेगावॉटचें सौर केंद्र उभें राहिलें. ज्या उन्हाला आम्ही पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या, तें असें कमावतें झालें!

तिसरा धागा लिथियमचा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्यें जपानच्या सोनी कंपनीनें बाजारांत आणली. १९९७ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ आणि मूळचे भारतीय असलेले अक्षय पाढी यांनीं लिथियम-लोह-फॉस्फेट या द्रव्याचा उपयोग प्रसिद्ध केला. हें द्रव्य इतर कांहीं लिथियम द्रव्यांहून उष्णतेंत अधिक स्थिर असतें. गुडइनफ यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक आणखी दोघां शास्त्रज्ञांसह मिळालें.

एवढें सांगून मीं विद्यार्थ्याच्या हातीं पाटी दिली. शीतपेटी ४५ वॉटची, उन्हाळ्यांत निम्मा वेळ चालणारी, म्हणजे दिवसाला सुमारें ५४० वॉट-तास. ३० वॉटचा पंखा दहा तास, म्हणजे ३००. दिवे व फोन मिळून १६०. बेरीज १०००, म्हणजे रोज एक युनिट. सूर्य दिवसाकाठीं पांच तास पुऱ्या जोरानें तळपला असें धरलें, तर २०० वॉटचें पॅनेल पुरावें. पण येथेंच आपण खानदेशी लोक फसतों. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची शक्ति सुमारें ०.४ टक्क्यानें उतरते. आणि दुपारीं टपावरील पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलें, तर सोळा टक्के गेले! त्यांत धूळ आणि ढग जमेस धरून आम्ही ४०० वॉट ठरविले, आणि खालून वारा खेळावा म्हणून पॅनेल टपापासून चार बोटें उंच बसविलें.

मग बॅटरी. दोन दिवस ऊन पडलें नाहीं तरी औषध थंड राहिलें पाहिजे, म्हणजे दोन युनिटांचा सांठा हवा. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये. म्हणजे चार युनिटांची बॅटरी हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या तीन ट्यूब्युलर घेतल्या तर वजन दीडशे किलोंच्या वर. शिवाय भरतांना त्यांतून हायड्रोजन वायु निघतो; तो निजण्याच्या बंद खोलींत नको. लोह-फॉस्फेटची मात्र पाऊणहून अधिक वापरतां येते. तिची २०० अँपिअर-तासांची जोडी अडीच युनिटें सांठविते आणि वजन पंचवीस किलोंच्या आसपास. किंमत अधिक पडली, हें खरें. पण ती दोन हजारांहून अधिक वेळां भरतां येते. जळगांवच्या स्थिर घराला मीं ट्यूब्युलरच सुचविली असती, कारण तेथें वजन वाहावयाचें नसतें आणि हवेशीर कोपरा मिळतो. फिरत्या घराला दुसरी योग्य. तिलाहि उष्णता बाधते, म्हणून ती टपाखालीं न ठेवतां खालच्या सांवलीच्या कप्प्यांत ठेविली, आणि तारेच्या आरंभींच फ्यूज घातला. गाडीची बॅटरी गाडीपुरती राहिली.

गेल्या चैत्रांत मायलेकरें निघालीं आणि सुखरूप परत आलीं. औषध एकही दिवस वायां गेलें नाहीं. म्हातारीनें मला प्रसाद दिला आणि त्या बंद कप्प्याकडे बोट दाखवून विचारलें, "गुरुजी, यांत खरंच ऊन भरून ठेवतां येतं का हो?"

मला वडिलांचे अंगणांतले सेल आठवले. मी म्हणालों, "होय आई, आतां येतं."